रक्ताळलेला मोजा आणि राज्याची थकहमी

गिरणी बंद पडली की भोंगा थांबतो आणि अख्ख्या वस्तीला कळतं. व्हिडिओ गेम बनवणारा स्टुडिओ बंद पडला तर खालच्या कॉफीवाल्यालाही दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक का आलं नाही याचा उलगडा होत नाही. तिथे ना धुराडं, ना मालाच्या गाड्या. टेबलांवर संगणक, भिंतींवर राक्षसांची आणि किल्ल्यांची चित्रं, एवढाच काय तो कारखाना. २४ मे २०१२ रोजी अमेरिकेतल्या प्रॉव्हिडन्स शहरात असा एक स्टुडिओ एका ईमेलने बंद झाला. कंपनी आर्थिक अडचणीत आहे, सर्वांना कामावरून कमी करण्यात येत आहे, ही कारवाई शिस्तभंगाची नाही आणि ती आजपासून लागू आहे, अशा अर्थाचा चार ओळींचा मजकूर होता. प्रॉव्हिडन्समधले आणि मेरिलँड राज्यात टिमोनियमला असलेल्या जोडशाखेतले मिळून जवळपास चारशे लोक त्या मेलनंतर बेकार झाले.

कंपनीचं नाव '३८ स्टुडिओज'. गेमच्या धंद्यात स्टुडिओ बंद पडणं नवं नाही. नावाजलेले स्टुडिओही एका तिमाहीच्या ताळेबंदापायी गेलेले आहेत. पण बहुतेक वेळा बुडतो तो मालकाचा किंवा भागधारकांचा पैसा. इथे एक अख्खं राज्य जामीन राहिलं होतं. त्यामुळे पुढची कित्येक वर्षं कोर्ट, पोलीस, विधिमंडळ आणि लिलावदार या स्टुडिओचे कागद चाळत राहिले, आणि एरवी बंद दाराआड राहणारे व्यवहार चव्हाट्यावर आले. स्टुडिओ मरतो कसा हे समजून घ्यायला म्हणूनच याच्याइतकं दुसरं चांगलं उदाहरण नाही.

सुरुवात एका मोज्यापासून करावी लागते.

कर्ट शिलिंग हा बेसबॉलमधला नामांकित पिचर, आपल्या भाषेत वेगवान गोलंदाज म्हणा. ऑक्टोबर २००४ मध्ये बोस्टन रेड सॉक्स हा त्याचा संघ न्यूयॉर्क यँकीजविरुद्धच्या मालिकेत ०–३ असा मागे पडला होता. शिलिंगच्या उजव्या घोट्याची दुखापत इतकी वाईट होती की डॉक्टरांनी स्नायूबंध जागेवर राहावा म्हणून कातडीला टाके घातले आणि तो तसाच सहाव्या सामन्यात उतरला. टाक्यांतून रक्त झिरपत होतं, पांढऱ्या मोज्यावरचा लाल डाग टीव्हीवर सगळ्या देशाला दिसत होता. बोस्टनने तो सामना जिंकला, मालिका जिंकली, पुढे वर्ल्ड सीरीजही जिंकली. तब्बल ८६ वर्षांनी. त्या भागात शिलिंग त्यानंतर काहीही मागू शकत होता.

त्याला हवा होता एक गेम. दौऱ्यांवर हॉटेलच्या खोलीत बसून तो रात्र रात्र 'एव्हरक्वेस्ट' खेळायचा. हजारो माणसं एकाच वेळी इंटरनेटवरून एकाच काल्पनिक जगात वावरतात, अशा प्रकारचा हा गेम. त्याला या धंद्यात 'एमएमओ' म्हणतात. २००६ मध्ये शिलिंगने स्वतःची कंपनी काढली. आधी तिचं नाव 'ग्रीन मॉन्स्टर गेम्स' होतं, बोस्टनच्या मैदानातल्या उंच हिरव्या भिंतीवरून घेतलेलं. मग स्वतःच्या जर्सीच्या क्रमांकावरून ते '३८ स्टुडिओज' झालं. जगाचा इतिहास लिहायला त्याने आर. ए. साल्वातोरे हा लोकप्रिय कादंबरीकार आणला आणि दृश्यरूपाची जबाबदारी टॉड मॅकफार्लेन या कॉमिकवाल्याकडे दिली. साल्वातोरेने 'अमालूर' नावाच्या त्या जगाचा दहा हजार वर्षांचा इतिहास रचला. गेमला आतल्या गोटात 'कोपर्निकस' म्हणत.

इतिहास दहा हजार वर्षांचा तयार झाला तरी गेम काही तयार होत नव्हता, आणि त्यात नवल नव्हतं. साधा गेम एकदा विकला की संपला. एमएमओ म्हणजे गाव वसवणं आहे. तिथे रस्ते, घरं, बाजार, लढाया तर हव्यातच. शिवाय हजारो लोक एकाच वेळी आले तरी कोसळणार नाही अशी सर्व्हरची व्यवस्था, तक्रारी घेणारी माणसं आणि दर काही महिन्यांनी नवं काहीतरी देत राहण्याची सोय हवी. ही यादी पुरी होईपर्यंत एक पैसाही हाती येत नाही. त्या काळी या क्षेत्राचा राजा होता 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'. २०१० मध्ये त्याचे महिन्याची वर्गणी भरणारे ग्राहक १ कोटी २० लाखांवर गेले होते. हा आकडा गुंतवणूकदारांपुढे मांडायला फार सोयीचा. पण तो गेम बनवणाऱ्या ब्लिझर्ड कंपनीच्या गाठीला दहा वर्षांचं नाव आणि वॉरक्राफ्टचे आधीचे तीन गेम होते, ही गोष्ट त्या आकड्यात दिसत नाही. शिलिंगच्या कंपनीचा हा पहिलाच गेम. पहिल्या गिर्यारोहणाला एव्हरेस्ट निवडण्यातला प्रकार.

माणसं मात्र खूश होती. विमा उत्तम, सोयी भरपूर, मालक दिलदार. शिलिंगने स्वतःचे पैसे ओतले. त्याच्या म्हणण्याप्रमाणे शेवटी तो आकडा ५ कोटी डॉलरांच्या वर गेला. बाहेरच्या गुंतवणूकदारांनी मात्र हात आखडता घेतला. चोख हिशेब पाहणाऱ्यांनी नकार दिला, हा या कथेतला पहिला इशारा होता, आणि तो ऐकण्याची गरज नसलेला एक नवा सावकार पुढे आला.

ऱ्होड आयलंड हे अमेरिकेतलं सर्वांत छोटं राज्य, आकाराने साधारण गोव्याएवढं, लोकसंख्या जेमतेम साडेदहा लाख. पाण्याच्या जोरावर चालणारी अमेरिकेतली पहिली यशस्वी सूतगिरणी याच राज्यात पॉटकेटला १७९३ मध्ये उभी राहिली. पुढे गिरण्या गेल्या, प्रॉव्हिडन्सचा नकली दागिन्यांचा धंदाही ओसरला. २०१० मध्ये बेकारी ११ टक्क्यांच्या वर होती. मार्चमध्ये शिलिंगच्या घरी झालेल्या एका निधिसंकलनाच्या कार्यक्रमात राज्याचे गव्हर्नर डोनाल्ड कार्चिएरी त्याला भेटले. कंपनी तेव्हा शेजारच्या मॅसॅच्युसेट्समध्ये मेनार्ड गावी होती. ती आपल्याकडे आणली तर उद्याचा उद्योग आपल्या दारात येईल, असं कार्चिएरी यांना वाटलं. तसं वाटण्यात गैर काही नाही. गिरण्या गेलेल्या प्रत्येक गावाला असंच वाटत असतं.

विधिमंडळाने त्याच वर्षी १२.५ कोटी डॉलरांची कर्जहमी योजना मंजूर केली. छोट्यामोठ्या अनेक उद्योगांना नोकऱ्या वाढवायला मदत, असं तिचं स्वरूप कागदावर होतं. त्यातले ७.५ कोटी एकट्या ३८ स्टुडिओजला गेले. आपण हात वर केला तेव्हा हे ठाऊक नव्हतं, असं नंतर अनेक आमदार म्हणाले. राज्याच्या आर्थिक विकास महामंडळाने जुलै २०१० मध्ये हा व्यवहार आठ विरुद्ध एक मतांनी मान्य केला. ते एक मत कार्ल वाडेनस्टेन या कारखानदाराचं. अट एवढीच होती की कंपनीने ऱ्होड आयलंडमध्ये यावं आणि २०१२ अखेर ४५० नोकऱ्या द्याव्यात. गेम कधी पुरा होणार, कुठला टप्पा गाठल्यावर कुठला हप्ता, याला पैसे बांधले गेले असते तर ही कथा वेगळी झाली असती. डोकी मोजून पैसे दिले की कंपनी डोकी वाढवते. झालंही तसंच: गेम तयार होण्याच्या वेगाशी संबंध न ठेवता भरती होत राहिली आणि पगाराचा डोंगर वाढत गेला.

आता या हमीविषयी थोडं. सहकारी साखर कारखान्याच्या कर्जाला सरकार थकहमी देतं, म्हणजे काय, हे मराठी वाचकाला समजावून सांगायला नको. ऱ्होड आयलंडची तऱ्हा त्याहून न्यारी होती. महामंडळाने रोखे काढले, लोकांनी आणि विमा कंपन्यांनी ते घेतले, आलेला पैसा स्टुडिओला दिला. स्टुडिओने हप्ते चुकवले तर राज्य ते भरेल, पण कायद्याने भरायलाच हवेत असं नाही. ती 'नैतिक बांधिलकी' समजायची. बाँडवर खरोखरच हा शब्द असतो. भरले नाहीत तर कोर्ट काही करू शकत नाही, पण पतमापन संस्था राज्याची पत खाली आणतात आणि पुढचा प्रत्येक पूल, प्रत्येक शाळा महाग व्याजाने बांधावी लागते. म्हणजे सुटका नाहीच. कायदेशीर कर्ज काढायचं तर मतदारांना विचारावं लागलं असतं. नैतिक कर्जाला विचारावं लागत नाही. मला या सगळ्या व्यवहारात सर्वांत चलाख भाग हाच वाटतो, आणि तो गेमवाल्यांनी नव्हे, वित्तवाल्यांनी शोधलेला आहे.

त्यातही एक मेख होती. राखीव निधी, सुरुवातीचं व्याज आणि शुल्क वजा जाता ७.५ कोटींतले स्टुडिओच्या हाती पडायचे ते सुमारे ५ कोटीच. कोपर्निकस पुरा करायला मात्र किमान ७.५ कोटी लागतील असं कंपनीने सांगून ठेवलं होतं. अडीच कोटींची ही तूट रोखे घेणाऱ्यांना सांगितली गेली नाही, असा आरोप अमेरिकेच्या रोखे नियामकाने २०१६ मध्ये महामंडळावर आणि वेल्स फार्गो बँकेवर ठेवला. म्हणजे नाव पाण्यात ढकलली तेव्हाच तिच्यात दोन-तृतीयांश अंतर पुरेल एवढंच डिझेल होतं.

२०११ च्या वसंतात स्टुडिओ प्रॉव्हिडन्सच्या मध्यवस्तीतल्या एका सहा मजली इमारतीत आला. ज्यांची मॅसॅच्युसेट्समध्ये घरं होती त्यांच्यासाठी कंपनीने स्थलांतराची योजना केली: जुनं घर विकण्याची व्यवस्था होईल, तोवर हप्त्यांचा भार तुमच्यावर नाही. लोकांनी विश्वास ठेवला, बिऱ्हाडं हलवली, मुलांच्या शाळा बदलल्या.

मधल्या काळात एक चांगली गोष्टही घडली. २००९ मध्ये शिलिंगने टीएचक्यू या प्रकाशकाकडून 'बिग ह्यूज गेम्स' हा टिमोनियमचा स्टुडिओ विकत घेतला होता. 'राइज ऑफ नेशन्स'वाला. त्यांच्या हाती एक अर्धवट गेम होता. त्याला अमालूरचं जग चढवून 'किंगडम्स ऑफ अमालूर: रेकनिंग' बनला आणि ईए या बड्या प्रकाशकाने तो फेब्रुवारी २०१२ मध्ये बाजारात आणला. समीक्षा चांगल्या आल्या, पहिल्या तीन महिन्यांत बारा लाखांहून अधिक प्रती गेल्या. नव्या नावासाठी हा आकडा वाईट नाही. तरी स्टुडिओच्या तिजोरीत त्यातून खडखडाटच राहिला, आणि इथे गेमधंद्याचा एक नियम माहीत असायला हवा. प्रकाशक गेम बनवायला आगाऊ पैसे देतो. विक्री सुरू झाली की तो आधी आपली उचल वळती करून घेतो. ती फिटल्यावर मग स्टुडिओला वाटा. ऊसतोड कामगार आणि मुकादम यांच्यातली उचल जशी, तशीच ही. दुकानात गेम खपत असतो आणि बनवणाऱ्याच्या घरी पगार नसतो, हे एकाच वेळी खरं असू शकतं.

खर्च महिन्याला ४० लाख डॉलरांच्या वर गेला होता. १ मे २०१२ ला राज्याला द्यायचा ११ लाख २५ हजार डॉलरांचा हप्ता चुकला. १४ मे रोजी नवे गव्हर्नर लिंकन चेफी यांनी पत्रकारांना सांगितलं की कंपनी तगवण्याचे प्रयत्न चालू आहेत. चेफी निवडणुकीपासूनच या व्यवहाराच्या विरोधात होते. आपली कंपनी तगवावी लागते आहे हे कर्मचाऱ्यांना कळलं ते असं, बातमीतून. १५ मेचा पगार झालाच नाही. दोन दिवसांनी हप्त्याचा धनादेश राज्याच्या कार्यालयात पोचला आणि खात्यात तेवढी रक्कम नसल्याचं सांगून परत घेतला गेला. १८ तारखेला पैसे भरले गेले. नव्या प्रकाशकाशी बोलणी चालू होती, चेफींच्या जाहीर वक्तव्यांनी ती मोडली, असं शिलिंग सांगत राहिला. असेलही. पण ज्या धंद्याला एका पत्रकार परिषदेने धाप लागते त्याच्या छातीत आधीच काहीतरी बिघडलेलं असतं.

त्याच आठवड्यात कोपर्निकसची एक चित्रफीत बाहेर आली. त्यात एकही माणूस नाही, लढाई नाही. कॅमेरा नुसता तरंगत जातो, दऱ्यांवरून, अशक्य उंचीच्या मनोऱ्यांमधून. सुंदर आहे. सहा वर्षांच्या कामातलं जगाला दिसलं ते मुख्यतः एवढंच.

मग २४ मेचा तो मेल. तोवर कित्येकजण बिनपगारी कामावर येत होते, कारण गेम दाखवण्याजोगा झाला तर कुणीतरी घेईल, ही आशा. मेलबरोबर पगार गेला तसा आरोग्य विमाही गेला. अमेरिकेत विमा नोकरीला बांधलेला असतो. घरात बाळंतपण किंवा आजारपण असेल तर नोकरी जाणं म्हणजे काय, हे तिथे राहणाऱ्या कुठल्याही मराठी कुटुंबाला विचारा. स्थलांतर योजनेत घर 'विकलं गेलं' असं समजून चाललेल्या काही जणांना आता कळलं की घर विकलंच गेलेलं नाही, जुन्या कर्जावर अजून त्यांचीच सही आहे, आणि आता नवं भाडं आणि जुना हप्ता दोन्ही त्यांनीच भरायचे आहेत. ७ जूनला कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. देणी १५ कोटी ७ लाख डॉलर, मालमत्ता २ कोटी १७ लाख.

स्टुडिओ बंद पडल्यावर पहिले धावून येतात ते दुसरे स्टुडिओ. ट्विटरवर '#३८जॉब्स' असा हॅशटॅग सुरू झाला आणि देशभरातल्या कंपन्यांनी आपापल्या जागा त्याखाली टाकल्या. यात भूतदया होती, तशी धंद्याची नजरही: तयार, कसलेली माणसं एकगठ्ठा बाजारात आली होती. पण या नोकऱ्या टेक्सास, कॅलिफोर्निया, वॉशिंग्टनमध्ये होत्या. नुकतंच प्रॉव्हिडन्सला आणलेलं बिऱ्हाड पुन्हा हजारो मैल हलवायचं. टिमोनियमच्या मंडळींना एपिक गेम्सने उचललं आणि 'इम्पॉसिबल स्टुडिओज' नावाचा नवा स्टुडिओ काढून दिला. तो फेब्रुवारी २०१३ मध्ये बंद झाला. वर्षाच्या आत त्याच माणसांची दुसऱ्यांदा तीच गत. हे वाईट नशीब नव्हे, या धंद्याचा सांगाडाच तसा आहे. काम एका प्रकल्पाचं असतं, पगार दरमहा लागतो, आणि एक प्रकल्प संपून दुसरा मिळेपर्यंतची पोकळी भरायला बहुतेक स्टुडिओंकडे काही नसतं.

सामानाचा लिलाव झाला. खुर्च्या, संगणक, पुतळे. 'बिग ह्यूज गेम्स' हे नाव मूळ संस्थापकांपैकी ब्रायन रेनॉल्ड्स याने लिलावात परत मिळवलं आणि त्या नावाने पुन्हा स्टुडिओ उभा केला. त्यांचा 'डॉमिनेशन्स' २०१५ मध्ये आला. अमालूरचे हक्क, न झालेल्या कोपर्निकससकट, २०१८ मध्ये टीएचक्यू नॉर्डिकने घेतले. मूळ टीएचक्यू स्वतःच दिवाळखोरीत गेली होती; तिचं नुसतं नाव एका ऑस्ट्रियन कंपनीने विकत घेऊन स्वतःला लावलं आहे. या धंद्यात माणसांपेक्षा नावांना पुनर्जन्म लवकर मिळतो. २०२० मध्ये 'रेकनिंग' नव्या रंगसफेदीसह पुन्हा विक्रीला आला.

शिलिंगचा मोजाही विकला गेला, बँकेकडे तारण होता म्हणून. फेब्रुवारी २०१३ मध्ये त्याला ९२,६१३ डॉलर आले. पण तो मोजा 'तो' नव्हे. यँकीजविरुद्धच्या सामन्यातला शिलिंगच्या सांगण्यानुसार तिथल्याच कचऱ्यात गेला होता. विकला गेला तो त्यानंतरच्या वर्ल्ड सीरीजच्या सामन्यातला, दुसरा रक्ताळलेला.

राज्याने शिलिंगवर, स्वतःच्याच माजी अधिकाऱ्यांवर, वकिलांवर आणि बँकांवर दावा लावला. एकेक जण तडजोड करत गेला. शिलिंग आणि त्याच्या सहकाऱ्यांच्या बाजूने २५ लाख डॉलर आले, तेही विमा कंपनीकडून. मोठ्या रकमा बँका आणि सल्लागार कंपन्यांनी भरल्या. एकूण वसुली सुमारे ६ कोटी १० लाख. व्याजासकट हिशेब केला तर करदात्यांच्या अंगावर अंदाजे २ कोटी ८० लाख उरले. आता बांधिलकी नैतिकच आहे तर भरूच नका, असं विधिमंडळात काही जण दरवर्षी म्हणायचे. दरवर्षी पत घसरण्याच्या भीतीने अंदाजपत्रकात तरतूद व्हायची. पोलिसांचा तपास २०१६ मध्ये संपला. फौजदारी गुन्हा कुणावरच दाखल झाला नाही.

माझ्या मते तो निष्कर्ष बरोबर होता. इथे कुणी पेटी घेऊन पळालं नाही. पैसा पगारात, विम्यात, भाड्यात गेला, म्हणजे ज्यासाठी दिला होता त्यातच. चूक होती ती जोखमीच्या वाटणीत. रोखे घेणाऱ्यांना राज्याचा आधार, राज्याला कोर्टाचा, प्रकाशकाला वळतीचा, अधिकाऱ्यांना विम्याचा. ज्याने दिवसाला बारा तास बसून दऱ्या आणि मनोरे काढले त्याला कुणाचीच थकहमी नव्हती. दिवाळखोरीत गेलेल्या कंपनीच्या देणेकऱ्यांच्या रांगेत तो उभा राहिला, आणि ती रांग नऊ वर्षं हलली नाही.

मे २०१२ चा थकलेला पगार त्यांना २०२१ मध्ये मिळू लागला. रुपयात सांगायचं तर शंभरातले चौदा ते वीस.